क्लबच्या हंगामासाठी सीझन बॉल: कोणता घ्यावा, किती घ्यावेत आणि तो कधी दगा देतो

हौशी क्लबातला खेळाडू बॅट घेताना दहा दुकानं हिंडतो, रेषा मोजतो, कानाशी धरून टकटक करून पाहतो. क्लबचा बॉल मात्र ‘एक डझन द्या’ इतक्या तीन शब्दांत घेतला जातो. ऑक्टोबरात समोरच्यांना ऐंशीत गुंडाळणारी गोलंदाजी फेब्रुवारीत त्याच संघाला दोनशे देते. मग कॅप्टन बदलतो, ओपनिंग बॉलर बदलतो, नेटला, म्हणजे जाळीतल्या सरावाला, येण्याची सक्ती होते. ऑक्टोबरातला बॉल आणि फेब्रुवारीतला बॉल एकाच जातीचा होता का, हे कुणी विचारत नाही. हा रिव्ह्यू त्या बॉलचा आहे: आपल्याकडे क्लब क्रिकेटमध्ये चालणारा लाल लेदर बॉल, म्हणजे मैदानावरच्या भाषेत सीझन बॉल.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सामन्यासाठी हाताने शिवलेला, चार तुकड्यांचा (फोर-पीस), अलम म्हणजे तुरटीवर कमावलेल्या कातड्याचा, मधल्या किमतीचा बॉल घ्या. नेटसाठीही चार तुकड्यांचाच, फक्त एक पायरी खालचा घ्या. टू-पीस, म्हणजे दोन तुकड्यांचा बॉल प्रौढ खेळाडूंच्या क्लबने विकतच घेऊ नये. आणि कसोटीत वापरतात त्या दर्जाच्या बॉलवर हौशी क्लबने पैसे घालवू नयेत.

बाजारात काय मिळतं

लेदर बॉलचा आपल्याकडचा बहुतेक माल मेरठ आणि जालंधरचा. मेरठचा धंदा फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कुटुंबांनी उभा केला. एसजी या कंपनीची सुरुवातही 1931 साली सियालकोटचीच. भारतात होणाऱ्या कसोट्या एसजीच्या बॉलवर होतात, त्यामुळे दुकानदार पहिल्यांदा तेच नाव घेतो. त्याखेरीज मेरठचे कितीतरी छोटे कारखाने चांगला बॉल शिवतात, आणि त्यातले काही मोठ्या नावांच्या मधल्या श्रेणीपेक्षा कमी नसतात. म्हणून नावावर न जाता बॉल हातात घेऊन तपासायला शिकणं जास्त उपयोगाचं.

किमतीचे ढोबळ तीन थर आहेत. टू-पीस बॉल साधारण 250 ते 400 रुपये. क्लब दर्जाचा फोर-पीस 500 ते 1,000. त्यावरचा, कसोटी किंवा रणजी दर्जाचा म्हणून विकला जाणारा, 1,500 च्या पुढे. शहर, दुकान आणि डझनाचा भाव यानुसार यात फरक पडतो. मुंबईत धोबी तलावच्या दुकानांत डझनावर घासाघीस होते. तालुक्याच्या गावी सुटा बॉल घेतला तर हाच माल बराच महाग पडतो.

टू-पीस आणि फोर-पीसमधला फरक वरून फक्त एका रेषेचा दिसतो. खरं काम आत आहे. बॉलच्या मध्यभागी कॉर्कचा गोळा असतो, त्यावर लोकरीचा धागा आणि कॉर्कच्या पातळ पट्ट्या थरावर थर आवळून गुंडाळतात. फोर-पीसमध्ये कातड्याचे चार तुकडे. दोन-दोन तुकडे आतल्या बाजूने जोडून त्यांची वाटी होते, आणि दोन वाट्या एकमेकींशी काटकोनात फिरवून मधल्या मुख्य शिवणीने बांधतात. टू-पीसमध्ये एकेक अख्खा तुकडा साच्यात दाबून वाटी करतात. कातडं दाबून ताणलं की वाटीच्या बुडाशी ते पातळ होतं. नवा असताना या बॉलच्या गालावर, म्हणजे शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या गुळगुळीत भागावर, जोड नसल्यामुळे तो हवेत छान, कधीकधी फोर-पीसपेक्षा जास्त वळतो, आणि हीच गोष्ट फसवते. वीस षटकांच्या आत तो मऊ पडतो, पंचवीस-तीस षटकांत अंडाकृती होतो.

मुख्य शिवणीत टाक्यांच्या सहा ओळी असतात. मधल्या दोन ओळी दोन वाट्या धरून ठेवतात, बाहेरच्या चार ओळी शिवण उंच ठेवतात. एसजी आणि इंग्लंडच्या ड्यूक्समध्ये सहाही ओळी हाताच्या. ऑस्ट्रेलियाच्या कुकाबुरामध्ये बाहेरच्या चार मशीनच्या, म्हणून त्याची शिवण लवकर बसते. हाताच्या शिवणीचा बॉल जुना झाला तरी फिरकीवाल्याच्या बोटांना पकड देतो. आपल्या खेळपट्ट्यांवर क्लबची निम्मी षटकं फिरकीवालेच टाकतात, त्यामुळे हा मुद्दा वेगवान गोलंदाजापेक्षा त्यांच्या कामाचा जास्त.

राहिलं कातडं. अलम म्हणजे तुरटीवर कमावलेलं कातडं मुळात पांढरं असतं, नंतर लाल रंगवतात. ते कडक राहतं, घासलं की चकाकी धरतं आणि पाणी जरा उशिरा पितं. स्वस्त बॉलचं कातडं मऊ असतं, त्यावर लाखेसारखा जाड थर देऊन तुकतुकीत करतात. दुकानात हाच बॉल जास्त देखणा दिसतो. पाच षटकांत थर उडाला की खाली घासायला काही उरत नाही.

विकत घेताना दहा मिनिटं

क्रिकेटच्या नियमांप्रमाणे पुरुषांच्या बॉलचं वजन 155.9 ते 163 ग्रॅम आणि घेर 22.4 ते 22.9 सेंटिमीटर असावा लागतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि शिंप्याचा टेप एवढं सामान दुकानात घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू द्या. डझनातले किमान पाच बॉल वजन करा. प्रत्येक बॉल मर्यादेत आहे का, यापेक्षा पाचांमध्ये आपसांत किती फरक आहे ते महत्त्वाचं. तीन ग्रॅमपर्यंत चालेल. सहा-सात ग्रॅमचा फरक दिसला तर त्या डझनाचे गोळे वेगवेगळ्या हातांनी किंवा वेगवेगळ्या मालाने भरलेले आहेत. तो डझन परत करा.

घेर दोनदा मोजा, एकदा शिवणीवरून आणि एकदा शिवणीला आडवा. शिवणीवरचा घेर किंचित जास्त येणारच. पण हा फरक डोळ्यांत भरण्याइतका असेल तर बॉल गोल नाही. मग काउंटरच्या काचेवर बॉल शिवणीवर उभा ठेवून हलकेच ढकला. चांगला बॉल सरळ जातो आणि थांबताना एका बाजूला कलंडतो. वाईट बॉल चालतानाच डुलतो. हा डुलणारा बॉल हवेतही डुलेल, आणि बिचारा बॉलर मनगटाला दोष देत बसेल.

गालावरची रेषा, म्हणजे दोन तुकड्यांचा जोड, अंगठ्याच्या नखाने चाचपा. नख अडकता कामा नये. तिथे फट असेल तर पहिल्या कडक फटक्यानंतर तिथेच तोंड उघडतं. मुख्य शिवणीत धाग्याची गाठ बाहेर आलेली नको, टाके सगळीकडे सारख्या अंतरावर हवेत, आणि सहा ओळी एकमेकींना समांतर हव्यात. दोन्ही अंगठ्यांनी गाल दाबा. नव्या बॉलचा गाल दबत असेल तर आतला धागा सैल गुंडाळलेला आहे. शेवटी खांद्याच्या उंचीवरून दोन बॉल एकदम सिमेंटच्या फरशीवर सोडा. दोन्ही सारखे उसळले पाहिजेत आणि आवाज ठणठणीत, भरीव यायला हवा. भदभद आवाजाचा बॉल नेटलाही नको.

छापलेल्या सोनेरी अक्षरांवर भरवसा ठेवू नका. नामवंत छापाचे नकली बॉल बाजारात असतात आणि त्यांची छपाई अनेकदा अस्सलपेक्षा झगझगीत असते. बिल घ्या. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाचाही अर्थ नीट घ्या: ओल्या गवतावरून दहा-बारा वेळा गेला तरी बॉल लगेच फुगणार नाही, एवढाच. पाऊस झेलण्याची ती हमी नाही.

पावसाळा

मुंबईच्या क्लबांचा हंगाम जुलैत सुरू होतो, कारण कांगा लीग. डॉ. होरमसजी कांगांच्या नावाने 1948 पासून चालत आलेली ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर खेळतात. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, ओव्हल. रविवारी सकाळी चिखल, गुडघाभर नाही तरी घोट्याला लागेल इतकं गवत, आणि मध्येच सर. बॉलची एवढी कठोर परीक्षा दुसरीकडे होत नाही.

ओल्या मैदानावर बॉलचं काय होतं ते क्रमाने समजून घ्या. आधी वरचा थर जातो आणि बॉल साबणासारखा हातातून निसटतो. मग टाक्यांचा धागा पाणी पितो, फुगतो आणि शिवण थोडी वर येते. या टप्प्यावर चिकट खेळपट्टीवर मध्यमगती गोलंदाजाला जे मिळतं ते वर्षभरात पुन्हा मिळत नाही. पुढच्या सात-आठ षटकांत कातडंच पाणी पितं. बॉल जड होतो, मोठा होतो, गाल मऊ पडतात, शिवण त्या मऊपणात बुडते. इथून पुढे वेगवान गोलंदाजाचं काम संपलं. कॅप्टनने घड्याळ न पाहता बॉल दाबून पाहावा आणि संथ गोलंदाज आणावा, कारण फुगलेला बॉल टप्पा पडल्यावर थांबून येतो आणि तो मारायला जाणारा फलंदाज हवेत झेल देतो. कांगा लीगमध्ये साध्या दिसणाऱ्या संथ गोलंदाजांनी ढीगभर विकेट काढल्या, त्यामागे न झाकलेल्या खेळपट्टीइतकाच फुगलेल्या बॉलचाही हात आहे.

म्हणून पावसाळ्यासाठी महाग बॉल घेण्यात अर्थ नाही. 600-700 रुपयांचा, कडक कातड्याचा, उंच शिवणीचा फोर-पीस पुरेसा. त्यापेक्षा चांगला बॉलही तिसाव्या षटकाला तसाच लगदा होतो. टू-पीस मात्र इथे अजिबात नको. पाणी शिवणीतून आत गेलं की तो पंधरा षटकांत संपतो.

सामना चालू असताना बॉल फडक्याने पुसता येतो, अंपायरला दाखवलेल्या फडक्याने. चिखल काढायचा तर तो अंपायरच्या देखत. भुसा गोलंदाजाच्या पावलाखाली टाकण्यासाठी असतो, बॉलला चोळण्यासाठी नाही. जुने सुती पंचे सहा-सात न्या. टर्किशचा एकच मोठा टॉवेल तासाभरात ओला गच्च होतो आणि मग त्याने पुसणं म्हणजे बॉल भिजवणंच.

सामन्यानंतरची चूक जास्त महागात जाते. ओला बॉल किटबॅगेत तसाच गेला तर बुधवारपर्यंत बुरशी आणि वास. तो उन्हात, गॅसशेजारी किंवा हेअर ड्रायरने वाळवला तर कातडं आक्रसतं, टाके ताणले जातात आणि गालाच्या जोडाला चीर पडते. बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे: कोरड्या कपड्याने पुसा, वर्तमानपत्रात गुंडाळा, पंख्याखाली ठेवा, कागद ओला झाला की बदला. दोन ते तीन दिवस लागतात. पूर्ण वाळला की बिनरंगी मेणाचं बोट फिरवा आणि जाळीच्या पिशवीत टांगा. प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करू नका. असा वाचवलेला बॉल सामन्याला लागत नाही, पण नेटला महिनाभर जातो. (मेण फक्त सरावाच्या बॉलला. सामन्यात बॉलला घाम सोडून काहीही लावणं नियमाबाहेर आहे, 2022 पासून थुंकीसुद्धा. सनस्क्रीन लावलेल्या हाताने बॉल चोळणारा क्षेत्ररक्षक नकळत संघाला पाच धावांचा दंड बसवू शकतो.)

ऑक्टोबर ते जानेवारी

चांगल्या बॉलवर पैसे घालायचे ते या चार महिन्यांत. बाह्यमैदानावर गवत असतं, सकाळी दव असतं, खेळपट्टी झाकून राखलेली असते. 800 ते 1,000 रुपयांचा हाताने शिवलेला फोर-पीस चाळीस-पन्नास षटकं सन्मानाने टिकतो.

आपल्या बॉलची एक सवय लक्षात ठेवावी. पहिल्या दोन-तीन षटकांत वरच्या थरामुळे तो फारसा वळत नाही. थर उतरून एक गाल निवडून घासला की चौथ्या ते बाराव्या षटकात खरा वळतो. क्लब क्रिकेटमध्ये नेमकं उलटं होतं. पहिल्या तीन षटकांत बॉल सरळ गेला की कॅप्टन घाबरून बदल करतो आणि वळायची वेळ येते तेव्हा हातात चौथा बॉलर असतो. कोणता गाल चकाकवायचा ते पहिल्याच षटकानंतर ठरवा आणि अकरा जणांना सांगा. छाप नसलेला किंवा कमी ओरखडलेला गाल घ्यावा. घामाचे हात दुसऱ्या गालाला लागू देऊ नका, तो कोरडाच राहिला पाहिजे. दोन्ही गाल घासणारा एक उत्साही मिड-ऑफ अख्ख्या संघाची मेहनत घालवतो.

पंधरा ते तीस ही षटकं हौशी क्लब सर्वाधिक हरतो. बॉल ना नवा ना जुना, चकाकी गेलेली, शिवण अर्धी बसलेली. इथे बॉलचा दर्जा थेट धावफलकावर दिसतो. चांगल्या बॉलची शिवण या टप्प्यावरही अंगठ्याला टोचते, त्यामुळे ऑफस्पिनरला पकड मिळते आणि कटर टाकणाऱ्यालाही काही करता येतं. स्वस्त बॉल इथे गुळगुळीत आणि मऊ असतो. फलंदाजाला तो जोरात मारता येत नाही हे खरं, पण बाद होण्याचं कारणही उरत नाही. चार-चार, पाच-पाच धावांची षटकं निघत राहतात आणि सामना हातातून जातो.

कसोटीचा बॉल का नको, तेही इथेच सांगतो. तो ऐंशी षटकांच्या हिशोबाने बांधलेला असतो. क्लबचा डाव चाळीस-पन्नासला संपतो. त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे नाहीत. शिवाय कडक खेळपट्टीपुढे तोही शरण जातो. 2021 च्या चेन्नई कसोटीत बॉलची शिवण पस्तीस-चाळीस षटकांतच फाटायला लागली, म्हणून विराट कोहली आणि अश्विन दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली होती. क्लबच्या मैदानाची खेळपट्टी आणि बाह्यमैदान चेन्नईपेक्षा दयाळू असण्याचं काही कारण नाही.

मॅटिंगवर

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या क्रिकेटचा मोठा भाग अजून काथ्याच्या मॅटिंगवर, म्हणजे खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईवर, होतो. मॅट खाली मुरूम असेल तर एक, सिमेंट असेल तर दुसरं गणित. दोन्हीकडे काथ्या बॉलला कानशीसारखा घासतो. चकाकी सहा-सात षटकांत जाते, आणि शिवणही मऊ टर्फपेक्षा (गवताच्या खेळपट्टीपेक्षा) आधी फाटते, कारण प्रत्येक टप्प्याला काथ्याचा दोर टाक्यांत अडकतो. मॅट ढिली असेल, खिळे चारही बाजूंनी ताणून मारलेले नसतील, तर हे जास्त होतं आणि उसळीही बेभरवशाची होते. सामन्याआधी मॅट ताणून खिळे पुन्हा ठोकणं हा बॉल वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय.

मॅटिंगसाठी बॉल निवडताना शिवण फार उंच असलेला टाळा. ऐकायला विचित्र वाटेल, पण मॅटिंगवर उसळी आणि फिरक मॅटच देते. उंच शिवण फक्त लवकर तुटते. घट्ट, थोडी बसकी शिवण आणि जाड कातडं हवं. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या मुरमावर बाह्यमैदान असतं तिथे तर सीमारेषेपर्यंत जाऊन आलेला बॉल दर वेळी नवा ओरखडा घेऊन येतो. अशा मैदानावर रिव्हर्स स्विंगची, म्हणजे जुना बॉल नेहमीच्या उलट बाजूला वळवण्याची, तयारी ठेवा: एक गाल प्राणपणाने जपा, दुसरा आपोआप खरबडीत होतो, आणि पंचविसाव्या षटकानंतर वेग असलेल्या गोलंदाजाच्या हाती यॉर्करसाठी बॉल द्या. वेग नसेल तर हा नाद सोडा.

फेब्रुवारी ते मेमध्ये टर्फवरही परिस्थिती जवळपास अशीच होते. गवत वाळतं, बाह्यमैदान उघडं पडतं, खेळपट्टी दगडासारखी होते. याच वेळी क्लबचे पैसे संपत आलेले असतात आणि खजिनदार स्वस्त बॉल आणतो. फेब्रुवारीतल्या घसरगुंडीचं हे एक न दिसणारं कारण आहे. ज्या महिन्यांत बॉलवर सगळ्यात जास्त मार बसतो, त्याच महिन्यांत क्लब सगळ्यात कच्चा बॉल वापरतो. सगळा माल सप्टेंबरातच एकदम घ्या आणि मार्च-एप्रिलच्या सामन्यांचे बॉल नाव टाकून बाजूला ठेवा. थंड, हवेशीर कपाटात त्यांना सहा महिने काही होत नाही.

नेटचा बॉल

इतका वेळ सामन्याबद्दल लिहिलं, पण क्लबचं खरं नुकसान नेटमध्ये होतं. आठवड्यातून दोन दिवस टू-पीस टाकायचा आणि रविवारी हातात फोर-पीस घ्यायचा, यात बॉलरचा अंदाज दर आठवड्याला मोडतो. टू-पीस नेटमध्ये खूप वळतो, म्हणून बॉलर ऑफ स्टंपच्या बाहेर सुरुवात करायला शिकतो. रविवारी फोर-पीस तेवढा वळत नाही आणि बॉल बाहेरच राहतो, वाइड आणि कट. फलंदाजाचंही तेच. मऊ पडलेला बॉल खेळून खेळून हात उशिरा येण्याची सवय लागते आणि रविवारी कडक बॉल हातमोज्यावर किंवा बॅटच्या वरच्या भागावर आदळतो.

हिशोब मांडून पाहा. ऑक्टोबर ते मार्च ढोबळ चोवीस आठवडे, आठवड्याला दोन नेट, म्हणजे 48 नेट. एका वेळी सहा बॉल वापरात धरले तर 288 वेळा बॉल लागतो. क्लबचे 18 सामने असतील तर सामन्यातून निवृत्त झालेले 18 बॉल नेटला येतात आणि प्रत्येकी पाच नेट चालतात, म्हणजे 90. उरले 198. सिमेंटच्या किंवा मॅटिंगच्या नेटमध्ये टू-पीस चार नेट टिकतो. 300 रुपयांचे 50 बॉल, 15,000 रुपये. 500 रुपयांचा साधा फोर-पीस साडेपाच नेट टिकतो; 36 बॉल, 18,000 रुपये. फरक 3,000 रुपयांचा. वीस खेळाडूंचा क्लब असेल तर माणशी दीडशे रुपये, पूर्ण हंगामाचे. एवढ्यात गोलंदाजाला सहा महिने सामन्यासारखाच बॉल हातात मिळतो. क्लबच्या अंदाजपत्रकात यापेक्षा जास्त परतावा देणारा खर्च आम्हाला दिसत नाही.

सामन्याचे 18 आणि वर चार जादा, असे 22 बॉल 800 रुपयांनी 17,600 रुपये. चार जादा कशाला? बॉल गटारात जातो, शेजारच्या सामन्यात मिसळतो, पहिल्याच षटकात जोड उघडतो. नियमाप्रमाणे बदली बॉल साधारण तेवढाच वापरलेला हवा. म्हणून सामना संपला की बॉलवर मार्करने षटकं लिहा, ‘22’, ‘38’, ‘45’, आणि वेगवेगळ्या वयाचे पाच-सहा बॉल एका पिशवीत अंपायरसाठी नेहमी तयार ठेवा. ज्या संघाकडे ही पिशवी नसते त्याला अंपायर समोरच्यांच्या पिशवीतला बॉल देतात, आणि तो कसा असेल ते नशीब.

पांढऱ्या बॉलबद्दल थोडक्यात. ऑफिसच्या आणि रात्रीच्या टी-ट्वेंटी स्पर्धांना तो लागतो. लाल मातीच्या मैदानावर दहा-बारा षटकांत तो मळकट होतो आणि दिव्यांखाली दिसेनासा होतो. एका डावासाठी एक नवा आणि एक थोडा वापरलेला स्वच्छ बॉल जवळ ठेवा. सरावाला पांढरा बॉल वापरणं वाया.

क्लबात मुलं आणि मुली असतील तर त्यांचा बॉल वेगळा. तेरा वर्षांखालच्यांना 133 ते 144 ग्रॅमचा, महिलांना 140 ते 151 ग्रॅमचा. मोठ्यांचे जुने बॉल मुलांना देण्याची पद्धत फार रूढ आहे आणि ती थांबायला हवी. फुगलेला 165 ग्रॅमचा बॉल दहा वर्षांच्या हातात दोन बोटांत मावतच नाही. मग मूल तो तळहातात धरून ढकलतं आणि ती पकड पुढे मोडायला वर्षं जातात. टू-पीस घ्यायचाच असेल तर लहान आकाराचा, मुलांसाठी घ्या. त्यांच्या फटक्यांत तो टिकतो.

हंगाम संपल्यावर, पुढच्या सप्टेंबरात तोच माल घ्यायचा की बदलायचा हे ठरवण्यासाठी प्रत्येक जातीचा एक संपलेला बॉल पकडीत धरून हॅकसॉने शिवणीला आडवा कापा. कातड्याची जाडी दोन्ही गालांवर सारखी आहे का पाहा. आत कॉर्कचा गोळा आणि भोवती धाग्या-कॉर्कचे थर कांद्यासारखे दिसले पाहिजेत, गोळा बरोबर मध्ये असला पाहिजे. भुसा आणि रबर डिंकात कालवून भरलेला एकच गोळा निघाला, किंवा गोळा एका बाजूला सरकलेला असला, तर तो छाप पुढच्या वर्षी यादीतून काढा आणि कापलेले दोन अर्धे दुकानदाराला नेऊन दाखवा. डझनाचा भाव ठरवताना त्याचा उपयोग होतो.